मधल्या भिंतीची जाडी

घरामागच्या टेकडीचा दगडी बांध सरकतोय का, हे बघायला मोजणीबाई दरवर्षी येतात. आमच्या दोन खिडक्यांतून त्याचे दोन फोटो काढतात. दोन डोळ्यांमुळे आपल्याला जवळ-लांब कळतं, तसं त्या दोन फोटोंवरून बांधाचं अंतर काढतात. मात्र दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर चोख हवं. तिथे वीतभर चुकलं, की बांध दोन हात चुकतो.

मागच्या वर्षी दोन्ही खिडक्या एकाच हॉलमध्ये होत्या. टेप सरळ ताणला, काम झालं. मग भाऊभाऊ वेगळे झाले, मधोमध भिंत आली आणि भिंतीला लगेच ओल आली. ती कुणी दुरुस्त करायची, यावरून माझं आणि थोरल्या जाऊबाईंचं बोलणं बंद. दोघे भाऊ मात्र गच्चीवर एकत्र पत्ते खेळतात.

यंदा मोजणीबाई कॅमेऱ्यात गुंतलेल्या, म्हणून आपापल्या बाजूचं माप आम्हीच घेऊन दिलं. हिशेब आला: बांध दोन हात पुढे सरकलाय, घर रिकामं करावं लागेल.

मी माळ्यावरची बॅग काढली. पलीकडे जाऊबाई काहीतरी जड ओढत होत्या. असल्या दुखऱ्या गुडघ्यांनी ही बाई भाड्याच्या घराचे कुठे जिने चढणार, असं उगाच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मोजणीबाई पुन्हा दारात. म्हणाल्या, "बांध सरकेल हो, पण त्याच्यासोबत फोटोतला विजेचा खांबही कसा सरकला?"

कुठपर्यंत मोजलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भिंतीपर्यंत. भिंत पलीकडच्यांची ना. जाऊबाईंनीही भिंतीपर्यंतच मोजलं होतं, कारण भिंत माझी. मोजणीबाई त्या ओल्या भिंतीकडे बघत खुर्चीत बसल्या.

गवंड्याने भिंतीला आरपार भोक पाडलं. टेप त्यातून पलीकडे गेला.

"ओढा," मी म्हटलं.

"ओढतेच आहे. तूच सैल सोडलायस."

बांध केसभरही हलला नव्हता. बॅग परत माळ्यावर गेली. भोक बुजवायचं राहिलं, कारण भिंत कुणाची ते अजून ठरायचंय.

संध्याकाळी त्यातून आवाज आला, "अगं, दूध करपतंय तुझं."

मी धावले.