जेवढं ऐकलं तेवढंच

आमच्या चर्चच्या मंडळीत अठरा घरांची प्रार्थना-साखळी आहे आणि सात वर्षं मी तिची पहिली कडी होते. 'होते' लिहितानाही कानशिलं तापतात. पण लिहायचंच म्हटल्यावर लाजून कसं चालेल?

साखळी म्हणजे काय, तर कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाची नोकरी गेली, की पाळक मला फोन करायचे. त्याला आम्ही प्रार्थनेचा विषय म्हणतो. मी तो विषय दुसऱ्या घरी फोनवर सांगायचा, दोघींनी तिथल्या तिथे मिनिटभर प्रार्थना करायची, मग तिने तिसऱ्या घरी फोन करायचा. मेसेज पाठवायचा नाही. मेसेज वाचून लोक अंगठा दाखवतात आणि पुन्हा भाजी चिरायला लागतात, असं पाळकांचं म्हणणं. अठराव्या घराने शेवटी पहिल्याला उलट फोन करून विषय वाचून दाखवायचा, म्हणजे वाटेत त्याला शिंगं फुटली असतील तर कळतं. नियम एकच, यादीच्या माथ्यावर छापलेला: जेवढं ऐकलं तेवढंच सांगायचं.

मला त्यात अवघड ते काय होतं? एकतीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. कोण वाचलं, कोण गेलं, कुठल्या डॉक्टरांचं कुणाशी बिनसलं, सगळं माझ्या कानांवरून गेलं आणि तिथेच राहिलं. घरी नवऱ्यापाशीसुद्धा तोंड उघडलं नाही. म्हणूनच मंडळीच्या सभेत साखळी कुणाकडे द्यायची असं विचारलं, तेव्हा एकजात सगळ्यांनी माझ्यासाठी हात वर केले. त्या हातांचा मला फार अभिमान होता. जरा जास्तच होता.

त्या बुधवारी दुपारी भावजय आली. धाकट्या भावाची बायको, शाळेतली प्रयोगशाळा सांभाळते. त्यांचं घर मंडळीत आहे, पण तेव्हा साखळीत नव्हतं. काचेची भांडी हाताळायची सवय, त्यामुळे बोलणंसुद्धा जपून. चहा पुढे ठेवला तर कपाला हात लावेना.

"ताई, डाव्या छातीत गाठ आहे," ती म्हणाली. "रिपोर्ट आलाय. चांगला नाही. मंगळवारी ऑपरेशन."

मी उठून तिच्याजवळ जायला हवं होतं. मी नुसतीच "अगं बाई" म्हणाले.

"छोटीला एवढ्यात सांगायचं नाहीये. रविवारी तिचा बाप्तिस्मा आहे. संध्याकाळी केक कापून झाला की मीच सांगेन, शांतपणे. तो एक दिवस तरी तिचा राहू दे. मंगळवारी तिच्याजवळ कुणीतरी लागेल, म्हणून तुम्हाला सांगितलं. बाकी कुणाला नको हं ताई. पाळकांनाही नको."

"माझ्याकडून चकार शब्द बाहेर जायचा नाही," मी म्हणाले. अगदी छातीवर हात ठेवून म्हणाले.

आमच्या बाप्टिस्ट मंडळीत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मूल कळतं झालं, त्याने आपणहून मागितला, सगळ्यांपुढे उभं राहून आपली साक्ष, म्हणजे आपला विश्वास कसा बसला ते, सांगितली, की मगच पाण्यात उतरायचं. छोटी माझी भाची, बारा वर्षांची. तिने आपणहून मागितला होता, वर्षभर वर्गाला गेली होती. साक्षीचा कागद चारदा खोडून लिहिला आणि चारही वेळा मला वाचून दाखवला. मी फोन फिरवायला बसले की ती शेजारी बसून यादीतल्या घरांवर बोट ठेवत जायची. साखळी कुठून सुरू होते हे तिला पाठ होतं.

गुरुवारी सकाळपासून मला काही सुचेना. मन नुसतं त्या गाठीभोवती फिरत होतं. आमच्यात एक सोय आहे, मनातला विषय. नाव नाही, गाव नाही, 'एक मनातला विषय आहे' एवढंच म्हणायचं आणि बाकीच्यांनी न विचारता प्रार्थना करायची. मी म्हटलं, यात काय बिघडलं? फोन उचलला आणि दुसऱ्या घराला लावला. दुसरं घर बेकरीवालीचं. माझी जुनी मैत्रीण, मनाने लोणी.

"एक मनातला विषय आहे," मी म्हणाले आणि माझा आवाज फाटला.

"तुमच्याच घरातलं आहे का हो?" तिने हळूच विचारलं.

इथे मी गप्प बसायचं होतं. बोर्डावर एकतीस वर्षं बसले होते तशी. पण मी म्हणाले, "आता तुझ्यापासून काय लपवू?" आणि सगळं सांगितलं. गाठ, बाजू, वार, सगळं. वर ठणकावलं, "छोटीला माहीत नाही हं, घरी कुणी बोलू नका." म्हणजे सांगतानाच मला कळत होतं की हे पुढे जाणार.

का सांगितलं? भीती होती, हे खरं. पण नुसती भीती नव्हती. महिनाभर साखळीत गुडघे आणि परीक्षा यांच्यापलीकडे काही आलं नव्हतं. मोठी बातमी माझ्याकडे होती, सगळ्यांच्या आधी होती. ती सांगताना समोरच्याचा श्वास अडकतो, आणि तो ऐकायला मला आवडतं. डोळ्यांत पाणी होतं आणि मनात कुठेतरी ही मजाही होती. याची मला जितकी लाज वाटते तितकी बाकी कशाची वाटत नाही.

संध्याकाळी सहाला अठराव्या घराचा फोन आला. घड्याळं दुरुस्त करणारे काका. ते प्रत्येक विषय वहीत लिहून घेतात आणि वाचतात तेही टिकटिक केल्यासारखं. "विषय असा. आपल्या भावजयीच्या डाव्या छातीत गाठ. रिपोर्ट वाईट. मंगळवारी शस्त्रक्रिया. कळकळीने प्रार्थना करावी. बरोबर?"

सगळं बरोबर होतं. फक्त एक वाक्य वाटेत गळलं होतं. छोटीला माहीत नाही, हे.

"काका, अजून काही होतं का?" मी विचारलं.

"मी ऐकलं तेवढं वाचलं," ते म्हणाले. नियमच तो.

चूक झाली की साखळी पुन्हा फिरवायची असते. पण त्यासाठी आधी पाळकांना सांगावं लागतं, आणि पाळकांनी तर हा विषय दिलाच नव्हता. शिवाय भावजयीला सांगावं लागलं असतं. गुरुवारची संध्याकाळ होती. शुक्रवार होता, शनिवार होता. फोन माझ्या हाताशी होता, आणि ज्या बाईने जन्मभर फोन केले तिला एक फोन करवेना. लोक समजूतदार आहेत, कुणी लहान पोरीपाशी बोलेल का, अशी स्वतःची समजूत घालत मी तीन दिवस काढले. बाप्तिस्म्याचे झगे आणि टॉवेल माझ्याकडेच असतात. पाण्यात झगा वर तरंगू नये म्हणून काठात शिशाचे तुकडे शिवतो, ते मी शनिवारी उसवून पुन्हा घट्ट शिवले. हातांना काम होतं. काम केलं की आपण चांगले आहोत असं वाटतं.

रविवारी व्यासपीठाच्या फळ्या काढून हौद उघडला होता. पहाटेच भरून पाणी कोमट केलेलं. मागच्या खोलीत मी झगा घेऊन थांबले. उपासनेआधी मुलांचा वर्ग असतो, तो सुटला की छोटी यायची होती. ती आली, दार लावलं आणि पाठ करून उभी राहिली, मी बटणं लावावीत म्हणून. तीन बटणं लागली, मग ती म्हणाली, "आत्या, आमच्या बाईंनी आज आईसाठी प्रार्थना केली. सगळ्या मुलांना डोळे मिटायला लावले."

मुलांच्या वर्गाच्या बाई यादीत अकराव्या.

"गाठ म्हणजे कॅन्सरच ना?"

मी चौथं बटण लावलं.

"मी बाईंना विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं. त्या म्हणाल्या, साखळीवर आलं." तिने वळून माझ्याकडे पाहिलं. पुढचं ती बोललीच नाही. यादीवर बोट ठेवत वर वर गेलं की कोण येतं, हे तिला सांगायला नको होतं.

"छोटे, मी..."

"आईला सांगू नकोस मला कळलंय ते," ती घाईघाईने म्हणाली. "तिने पहिल्या बाकावर जागा धरलीये. खूश आहे. सांगू नकोस. हे तरी नको सांगूस."

'हे तरी'. बारा वर्षांच्या पोरीने मला दोन शब्दांत सोलून ठेवलं.

तिने साक्ष दिली, कागदावर होती तशीच. आवाज एकदाच हलला. पाळकांनी तिला पाण्याखाली नेलं, वर काढलं, मंडळीने गाणं सुरू केलं. मी हौदाच्या पायऱ्यांपाशी टॉवेल धरून उभी होते, तिथून सगळे बाक दिसतात. लोक छोटीकडे बघत नव्हते. लोक पहिल्या बाकावरच्या तिच्या आईकडे बघत होते, डोळे भरून, मान कलती करून. आणि ती हसत होती, तिला काही पत्ताच नव्हता. मग छोटीला सभासद करून घेण्यासाठी हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले, माझाही. मी माझ्या हाताकडे बघितलं नाही.

मागच्या खोलीत मी छोटीला टॉवेलात गुंडाळत होते तेवढ्यात भावजय आत आली. आधी लेकीला तशी ओलीच मिठीत घेतलं, मग माझा दंड धरला. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही मनात ठेवलंत म्हणून हा दिवस मिळाला. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर काय झालं असतं."

मी मान डोलावली. खरंच डोलावली.

तेवढ्यात दार ढकलून बेकरीवाली आत आली, हातात झाकलेला ट्रे. "मंगळवारचं जेवण आमच्याकडून, बुधवारचं काकांकडून," ती म्हणाली. "तू काही काळजी करू नकोस गं. अठराच्या अठरा घरं प्रार्थना करतायत." तिने भावजयीच्या गालावरून हात फिरवला आणि गेली. बिचारीच्या मनात काळजीशिवाय काही नव्हतं.

भावजय काही वेळ ट्रेकडेच बघत राहिली. मग सावकाश माझ्याकडे. मग एकदम दचकून लेकीकडे. "छोटे, तुला... तुला कुणी काही सांगितलं का?"

"काय?" छोटी म्हणाली. "कशाबद्दल आई?"

सरळ आईच्या डोळ्यांत बघून म्हणाली. केसांतून हौदाचं पाणी अजून टपकत होतं. वर्षभर तयारी करून, चारदा कागद खोडून पाण्यात उतरलेली पोर, पाण्यातून बाहेर येऊन पाच मिनिटं झाली नव्हती आणि माझ्यापायी खोटं बोलली.

ते मला सहन झालं नाही. "तिला माहीत आहे," मी म्हणाले. "मुलांच्या वर्गात कळलं. मी सांगितलं होतं बेकरीवालीला, गुरुवारी. विषय पुढे गेला हेही मला त्याच दिवशी कळलं होतं. तीन दिवस मी गप्प बसले."

छोटी माझ्याकडे बघत राहिली. हेही मी मनात ठेवलं नव्हतं.

भावजय ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "टॉवेल द्या इकडे." माझ्या हातातून घेतला आणि लेकीचे केस पुसायला लागली. पाठमोरी म्हणाली, "मंगळवारी तुम्ही येऊ नका, ताई. आम्ही बघू." मी ओला झगा उचलून बाहेर आले. शिशामुळे तो चांगलाच जड होता.

त्याच दुपारी मी पाळकांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला साखळीतून काढा. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "साखळीतून काढायची पद्धत नाही," ते म्हणाले. "तुम्ही शेवटी बसा. काकांच्या नंतर."

मंगळवारी मी घरीच होते. सख्ख्या भावाच्या बायकोचं ऑपरेशन, आणि मला कुणाला विचारायचं तोंड नव्हतं. तीन वाजले, चार वाजले. साडेचारला फोन वाजला. घड्याळवाले काका. त्यांनी विषय वाचला, आम्ही प्रार्थना केली. मग ते म्हणाले, "आता तुम्ही शेवटच्या. उलट फोन तुम्ही करायचा."

"पहिलं कोण आहे आता?"

त्यांनी नंबर सांगितला. भावाच्या घरचा.

छोटीनेच उचलला. बाप्तिस्मा झालेला सभासद साखळीत बसू शकतो. हा विषय लेकीनेच द्यायचा, असं तिच्या आईने इस्पितळात जाण्याआधी पाळकांना सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

"विषय वाचते," मी म्हणाले. "आईचं ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली. पुढचं डॉक्टर शुक्रवारी सांगतील. देवाचे आभार माना."

"अजून काही?" तिने विचारलं.

"नाही. एवढंच."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मी एवढंच सांगितलं होतं."

मग दोघींनी प्रार्थना करायची असते. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिने थोडी वाट पाहिली आणि आपणच केली. आईसाठी केली, डॉक्टरांसाठी केली, अठरा घरांसाठी केली. माझ्यासाठी वेगळं काही मागितलं नाही. मी आमेन म्हटलं आणि तिने ठेवल्यावर फोन ठेवला.