आखाजीच्या दिवशी विमानं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो. माझ्या मयूरीला भाऊ नाही, म्हणून दरवर्षी मीच मुराळी होऊन गुजरातेत तिच्या सासरी, व्याऱ्याला जातो. या वर्षीही आदल्या संध्याकाळी गेलो. फरक एवढाच की निघताना पिशवीत काय घातलं आणि काय राहिलं, हे ओरडून सांगणारं घरात कोणी नव्हतं.

माझी बायको तापीबाई दिवाळीनंतर गेली. आतड्याचं दुखणं होतं. दवाखान्यात शेवटी शेवटी तिला तोंडाने पाणी द्यायचं नाही असं सांगितलं होतं. कारण खरं होतं, कोणाची चूक नव्हती. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, एवढीच परवानगी. ती पाणी मागायची आणि मी कापूस फिरवायचो. तशीच गेली.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, वर आंबा, डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या. घागर भरेपर्यंत त्या माणसाला पाणी पोचत नाही, असं म्हणतात. आधीच्या वर्षी कोणी विचारलं असतं की बन्सीलाल, तू हे मानतोस का, तर मला सांगता आलं नसतं. या वर्षी मानत होतो. ऊन डोक्यावर यायच्या आत घागर भरायची आणि ती माझ्या हाताने भरायची. मला त्या दिवशी दुसरं काही नको होतं.

कळसाडीला, आमच्या गावी, सगळी तयारी करून ठेवली होती. घागर कमलबाईने आणून धुऊन ठेवली होती. कमलबाई आमची शेजारीण. गेलेल्या बाईच्या जागी एका सवाशिणीला पाटावर बसवून जेवू घालतात, ती या वर्षी कमलबाई होती. माझा चुलतभाऊ भिकन गोवऱ्या आणि बाकीचं बघणार होता. मी फक्त वेळेवर पोचायचं होतं.

सकाळी लवकर जावयाच्या गाडीतून निघालो. जावई, ललितराव, पंपांच्या कंपनीत आहेत. माणूस चांगला, पण यंत्र दिसलं की बायको विसरतो. सोनगड मागे पडलं आणि गाडी हायवे सोडून एका मोठ्या कमानीत शिरली.

"हे काय?" मी विचारलं.

"मामा, विमानांचं आणि अवकाशाचं संग्रहालय आहे. नवीन झालंय. फार मोठं आहे. पास काढून ठेवलेत."

"आज?"

"आबा, एक तासना तं सवाल शे," मयूरी मागून म्हणाली. "परत कधी येवाई व्हई?"

मी म्हणालो, आज आखाजी शे. ती म्हणाली, माले माहीत शे. मग खिडकीकडे बघत बसली. लेकीला आणायला आलेल्या बापाने जावयाच्या गाडीत किती तोंड उघडायचं? मी गप्प बसलो. तिथेच चुकलं.

दारावर पिशवी तपासली. व्याऱ्याच्या बाजारातून घेतलेलं डांगर आणि आंबे होते.

"काका, फळं आत नाही चालत," पहारेकरी म्हणाला.

"का? आंबा फुटतो का?"

"नियम आहे, काका."

पिशवी एका लोखंडी खणात गेली. हाताला कागदाची पट्टी बांधली. विमानात बसवायच्या आधी बांधतात का अशी, विचारलं तर ललितराव हसले. मला हसू येत नव्हतं.

आत जायला मोठं दार होतं, पण परत फिरायला नव्हतं. जमिनीवर पिवळे बाण. बाणाने चालायचं. उलटं गेलं की एक मुलगी शिट्टी वाजवायची. कापसाच्या जिनिंगच्या चार शेड एकत्र केल्या तरी पुरणार नाहीत एवढी जागा, आणि छताला विमानं टांगलेली. लढाईची, दोन पंखांची, एक तर नुसत्या फळ्या आणि कापडाचं. खाली लोक माना वर करून उभे. लोकांना पुढे जायचंच नव्हतं. जो तो विमानाखाली उभा राहून फोटो काढत होता, आणि एकाचा झाला की त्याच जागी दुसरा.

ललितराव एका इंजिनासमोर थांबले. ते कापून ठेवलं होतं, आतलं दिसावं म्हणून. "मामा, ही पाती बघा. केवढ्या वेगाने फिरतात!"

"फिरू द्या. आपण पण फिरू."

पण ते आमच्या मोटरपंपाशी त्याची तुलना करायला लागले. मी मयूरीला म्हटलं, त्याला ओढ. तर मयूरी पाटी वाचत होती. प्रत्येक पाटी. वरून खालपर्यंत. ही पोरगी शाळेत असताना हिच्या हातात पुस्तक टिकावं म्हणून तापीने जंग जंग पछाडलं होतं. आता तिला कोणत्या विमानाच्या पंखाची लांबी किती, हे सगळं हवं होतं.

भिकनचा फोन आला. "दादा, कठे शेस?"

"येई ऱ्हायनू."

"येई ऱ्हायनू म्हंजे कठे? मागे कोण बोलस?"

मागे भोंग्यावर बाई सांगत होती की रॉकेट सुटायला आता थोडाच वेळ उरला आहे. मी खरं ते सांगितलं.

"विमान दखाले गयात?" भिकन ओरडला. "आठे कमलबाई सकायपासून भुकी बठेल शे! मी भरू का घागर?"

"हात लावू नको."

"मंग ये ना भो."

ये म्हणणं सोपं होतं. गाडीची किल्ली ललितरावांकडे, आणि ललितराव गोल घुमटाच्या दारात. तिथे अवकाशाचा खेळ दाखवतात. मयूरीने तीन तिकिटं घेऊन ठेवली होती. मी आत जाणार नाही म्हणालो. तिने जावयाला ढकललं, "तुम्ही जा, मी आबांसोबत आहे," आणि दार बंद झालं. खेळ संपेपर्यंत दार उघडत नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मी विचारलं, आत कोणी मेलं तर? तो म्हणाला, काका, असं नका बोलू.

मग आम्ही दोघं बाणाच्या मागे. चंद्रावर गेलेल्यांचे कपडे, दगड, परत येताना जळालेलं यान. ते यान जुन्या तव्यासारखं काळं होतं. एका काचेत पाण्याची पिशवी होती, तोंडाला नळी लावलेली. मयूरी वाचायला लागली. "आबा, दखा. तठे पाणी सांडत नही. गोया व्हईसन तरंगस. म्हनून नळीनी पेतस."

मी त्या पिशवीकडे पाहिलं. एवढ्याशा पाण्यासाठी केवढी सोय केलेली.

"चल," मी म्हणालो.

"थांबा ना."

"चल म्हटलं ना."

माझा आवाज मोठा झाला. एक बाई वळून पाहायला लागली. मयूरी पुढे निघाली, पण बाहेरच्या दाराकडे नाही. बाण एका खऱ्या विमानात शिरत होता. माणसं नेणारं जुनं विमान, जिना लावलेला, आतून बघत दुसऱ्या दाराने उतरायचं. दुसरा रस्ता नव्हता. आत खुर्च्यांच्या रांगा. लोक एकामागे एक सरकत होते. मधेच मयूरी एका खिडकीच्या खुर्चीत बसली. पट्टा ओढला आणि कमरेला लावला.

"ऊठ, लोक थांबलेत."

"मी नही येस."

"कठे नही येस?"

"कळसाडीले. तुम्ही जा."

मला आधी वाटलं थकली. मग तिचं तोंड पाहिलं. आणि माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. पाट्या, तिकिटं, घुमट.

"हे तुन्हं काम शे," मी म्हणालो. "ललितरावांचं नाही."

तिने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

"वेळ टळावी म्हणून?"

"घागर भरी टाकी म्हंजे व्हयनं," ती म्हणाली. "मंग माय नही. आते पावतर मी फोन करस, तुम्ही उचलतस, माले वाटस ती मागे चूल्हापान शे. तुमना आवाजना मागे शे. तुम्ही घागर भरशात, मंग मी काय मानी लेऊ?"

मागून एकजण म्हणाला, "काका, खिडकीची जागा पाहिजे म्हणून रुसली का?" नवापूरकडचा असावा. दोघं-चौघं हसले. पहारेकरी बाई आली. "बेन, उभा थाव. लाइन लांबी छे."

"थांबा जरा," मी त्या बाईला म्हणालो. खूप जोरात म्हणालो असेन, कारण ती मागे सरली.

मला त्या क्षणी लेकीची दया यायला हवी होती. आली नाही. राग आला. विमानाचा, बाणांचा, पहारेकऱ्यांचा, सगळ्यांचा राग तिच्यावर निघाला.

"तू दूर ऱ्हास," मी म्हणालो. "तुले मानी लेता येस. मी त्या घरमा ऱ्हास, मयूरी. मी चूल्हा दखस, चूल्हापान कोनी नही. रोज दखस. तुले वाटावं म्हनून तिले पाणीबिगर तिशी ठेवू का मी?"

ती रडायला लागली. पट्टा तिला सुटेना. मी वाकून ओढला, मलाही सुटेना. त्याची कळ कुठे असते ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी त्या पहारेकरी बाईनेच वरची पट्टी उचलून सोडवला आणि मयूरीच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे मात्र असं पाहिलं, जणू मीच पोरीला बांधून ठेवलं होतं.

मयूरी उठली. आम्ही दोघं विमानातून उतरलो. ऊन डोक्यावर आलं होतं, काचेच्या छतातून सरळ खाली पडत होतं.

घुमटाचं दार उघडलं तेव्हा ललितराव खुशीत होते. "मामा, शनीची कडी बघायला पाहिजे होती तुम्ही!" मग मयूरीचे डोळे पाहिले आणि खिशातून किल्ली काढली. सरळ गाडीत बसलो. नवापूर गेलं. खांडबाऱ्याच्या अलीकडे मला आठवलं की डांगर आणि आंबे त्या लोखंडी खणातच राहिले.

मी कपाळावर हात मारला. ललितराव म्हणाले, वळवू का? मी म्हणालो, वळवलंत तर इथेच उतरतो.

खांडबाऱ्याला सणामुळे अर्धी दुकानं बंद. एका हातगाडीवर डांगर मिळालं, एका बाजूने पिचलेलं. आंबे मिळाले ते आंबट असावेत असा वास येत होता. घेतले. भाव करत बसलो नाही. भिकनचे फोन येत होते, ते उचलणं सोडून दिलं. नंदुरबारात फाटक लागलं. तिथे मयूरी मागून म्हणाली, "आबा, मन्हावर रागे शेत का?"

"हो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. तेवढं बोलणं झालं. प्रकाशा गावच्या पुलावर तिने खिडकी खाली केली. तापीला पाणी होतं.

घरी पोचलो तेव्हा सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. भिकन ओट्यावर उभा होता. "उनं का तुन्हं विमान?" तो म्हणाला. मी चपला काढून आत गेलो. कमलबाई पाटावरच भिंतीला टेकून बसली होती.

"बन्सीलाल," ती म्हणाली, "तुन्ही बायको तं गयी. आते माले बी धाडतस का तिनाकडे?"

"काही खाल्लं का नाही?"

"पितर म्हनी बठाडं. खाईसन कशी बठू? पाणी बी नही लिधं."

वेळ टळून गेली होती. गावात सगळ्यांच्या घागरी सकाळीच भरून झाल्या होत्या. टळलेल्या वेळी भरलेलं पाणी पोचतं का, हे विचारायला कोणी नव्हतं, आणि विचारलं असतं तर कोणी तरी सांगितलं असतं आणि मी त्याच्याशी भांडलो असतो. मी हातपाय धुतले. बोअरचं पाणी आणलं. घागरीत ओतायला लागलो. नवी घागर होती, पहिलं पाणी आत गेल्यावर मातीने शोषलं, त्याचा सूं असा आवाज आला.

मयूरी उंबऱ्याबाहेर थांबली होती. मी बोलावलं नाही. घागर निम्मी झाली तेव्हा ती आत आली, बादलीत तांब्या बुडवला आणि ओतला. मग मी ओतला. मग तिने. काठाला आल्यावर आंबा ठेवला, सांजोऱ्या ठेवल्या, डांगर पिचलेली बाजू मागे करून ठेवलं. विस्तवावर तुपाचा घास टाकला. नाव मी घेतलं. तापीबाई. कितीतरी महिन्यांनी ते नाव मोठ्याने घेतलं होतं.

बाहेर ललितराव भिकनला हाताने पाती फिरवून दाखवत होते आणि भिकन ओट्यावर बसून ऐकत होता. मला दोघांचाही राग आला.

कमलबाईसमोर ताट मांडलं. पुरणपोळी, रस, कुरडया, भजी. तिने ताटाकडे पाहिलंही नाही. आधी तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. न थांबता प्यायली. घशातून आवाज येत होता, पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडत होतं, तिला त्याचं काही नव्हतं. म्हातारी इतकी तहानलेली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी आणि मयूरी उभे राहून बघत राहिलो. त्या घरात कोणाला असं पोटभर पाणी पिताना मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं.

तिने तांब्या खाली ठेवला आणि श्वास घेतला.

"आजून दे ना वं पोरी," ती म्हणाली.

मयूरीने तांब्या उचलला. माठ आत होता, चुलीपाशी. आई गेल्यापासून ती तिकडे गेली नव्हती. ती दारात जराशी थांबली, मग आत गेली.