शेंडी गेलेली ताई

मित्रांनो, मी एक जुना टॅटू आहे. वय वर्षे सव्वीस. मुक्काम डावा हात, मनगटापासून चार बोटे वर, आतल्या बाजूला. मी चित्र नाही. मी दोन अक्षरांचा एक शब्द आहे, आणि त्या दोन अक्षरांतही एक चूक आहे. ती चूक माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आजवर हसे मात्र माझेच झाले आहे.

मी आहे 'ताई'. म्हणजे गोंदला गेलो तेव्हा होतो. आता नीट पाहिलेत तर तुम्ही 'ताइ' वाचाल. दीर्घ ईच्या डोक्यावर जो छोटा वळसा असतो, त्याला आमच्या घरात शेंडी म्हणतात. ती शेंडी माझ्या डोक्यावरून गेली. लोकांना शेंडी लावणारे जगात पुष्कळ असतात, माझी मात्र काढून घेतली गेली. ती कशी गेली ते ऐका, म्हणजे पुढे मी कोणावर आणि का जळलो तेही कळेल.

माझी मालकीण तलावावर मुलांना पोहायला शिकवते. लहानपणी ती स्वतः शिकत होती तेव्हा तिची थोरली बहीण रोज बरोबर यायची. या ताईला पाण्याची फार भीती. तरी ती काठाच्या पायरीवर बसून राहायची आणि मांडीवर छापखान्यातली प्रुफे तपासायची. कागदावर शिंतोडे उडाले की पदराने टिपायची आणि पुन्हा चुका शोधायला लागायची. धाकटीला ती 'बेडकी' म्हणायची, अजूनही म्हणते. बेडकी एकोणीस वर्षांची झाली, पहिली मोठी शर्यत जिंकली, पदक ताईच्या गळ्यात घातले आणि तशीच ओल्या केसांनी जाऊन मला गोंदवून आली.

गोंदणारा हाताने चांगला होता, पण बोलायला महाकंजूष. दोन दिवस पाणी लावू नका, एवढेच त्याने सांगितले आणि वर कापूस बांधून दिला. तो कापूस मला चिकटला. बेडकीने तो ओढून काढला. तिसऱ्या दिवशी तिचा सराव होता, तेव्हा तिने सरळ तलावात उडी मारली. माझ्यावरची खपली भिजून फुगली. आठ-दहा दिवसांनी खाज सुटली. ती वर्गात कंटाळून बसली होती. काही उद्योग नव्हता म्हणून तिने नखाने खपली उचकटली, आणि अजून न बसलेल्या रंगासकट माझी शेंडी निघून आली. तिने ती नखावर धरून पाहिली आणि फुंकर मारून उडवून दिली.

ताईने दुसऱ्या दिवशी हात पाहिला. दिवसभर लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारी बाई ती. तिने चष्मा कपाळावर सारला, हात डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "बेडके, मला ऱ्हस्व केलंस." मग पर्समधून पेन काढून तिने माझ्या डोक्यावर शेंडी काढली.

तेव्हापासून तसाच रिवाज पडला. दोघी भेटल्या की ताई आधी पेन काढणार, शेंडी देणार आणि मग चहा मागणार. ती शेंडी दुसऱ्या दिवशी तलावात धुऊन जायची. सव्वीस वर्षांत माझे लाड झाले ते एवढेच. बाकी माझ्या वाट्याला आले ऊन आणि तलावातले औषध घातलेले पाणी. मी काळाभोर होतो, त्याचा निळसर झालो, निळ्याचा हिरवट. कडा फाकल्या. मला कधी कोणी थेंबभर क्रीम लावले असेल तर शपथ.

आणि मग ती चिमणी आली.

चिमणी म्हणजे मालकिणीची लेक. घरात तिला याच नावाने हाक मारतात. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जाण्याआधी ती आईला एका टॅटूवालीकडे घेऊन गेली आणि आईच्या उजव्या हातावर एक छोटी चिमणी गोंदवून घेतली. उघडलेले पंख, बारीक रेघा, पिसांमध्ये हलकी सावली. मला ती समोरच्या हातावरून अगदी स्पष्ट दिसायची. सुंदर होती, हे मी कबूल करतो. त्यामुळेच जास्त आग झाली.

ही टॅटूवाली बोलायला कंजूष नव्हती. तिने पाऊण तास समजावले. वर बांधलेला पातळ कागद सांगितलेल्या वेळीच काढायचा. आधी हात स्वच्छ धुवायचे, मग कोमट पाण्याने आणि वास नसलेल्या सौम्य साबणाने टॅटू धुवायचा. घासायचे नाही, कोरड्या कागदाने टिपायचे. मलम लावायचे, पण अगदी पातळ, कारण जखमेलाही श्वास घ्यावा लागतो. पहिले काही दिवस जागा लाल होईल, सुजेल, थोडे पाणी आणि थोडा रंग झिरपेल, त्याला घाबरायचे नाही. आठवड्याने पापुद्रे निघतील, खाज येईल, रंग फिका आणि धुरकट वाटेल, त्यालाही घाबरायचे नाही. मात्र लाली वाढत गेली, पू आला किंवा ताप चढला तर तडक डॉक्टर. निदान तीन आठवडे तलाव बंद. वरून बरा दिसला तरी आतून बरा व्हायला काही महिने लागतात.

मी एकेक वाक्य ऐकत होतो आणि सव्वीस वर्षांपूर्वीचा तो कापूस मला आठवत होता. यातले एक जरी वाक्य तेव्हा कोणी सांगितले असते तर माझी शेंडी आज डोक्यावर असती.

निघता निघता टॅटूवालीची नजर माझ्याकडे गेली. तिने मला अंगठ्याने जरासे ताणून पाहिले. "हे जुनं झाकता येईल," ती म्हणाली. "वर मोठं गडद पान काढू. खालचं काही दिसणार नाही."

तलावावरची पोरे मला मोठ्याने वाचून दाखवतात, बाई, तुमची ई चुकली म्हणतात, हे मालकिणीने हसत हसत सांगितले. हसत होती, पण हात तिने खाली वळवून घेतला. चिमणी बरी झाली की महिन्याने बघू, असे ठरले आणि वहीत तारीख लिहिली गेली.

मित्रांनो, तुम्हीच विचार करा. समोरची बरी झाली की मी जाणार होतो. तिची प्रत्येक चांगली बातमी माझ्यासाठी वाईट होती.

घरी आल्यावर लेकीने सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवला आणि तिसऱ्या दिवशी ती नोकरीवर गेली. मग तर चिमणीचे कौतुक विचारू नका. दिवसातून दोनदा आंघोळ, मऊ कागद, बोटाच्या टोकावर मोजून मलम. बाहेर पडताना सैल बाह्या. झोपताना धुतलेली चादर. रोज लेकीचा फोन, आणि फोनवर पहिला प्रश्न चिमणी कशी आहे, हाच. कोणती चिमणी, ते मायलेकींनाच ठाऊक. ती सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाली, आणि मी खरा ताई असून नुसता ताइ राहिलो.

आणि हे सगळे करायचे कोणी? तर माझ्याच हाताने. उजवा हात स्वतःला धुणार कसा? साबण डाव्या हाताने, टिपणे डाव्या हाताने, मलम डाव्या हाताने. सवतीचे पाय चेपायला बसवावे तसे मला रोज दोनदा तिच्याजवळ नेले जायचे. मलमाचा वास यायचा. त्याचा थेंबही इकडे उडत नसे.

तलावावर मालकीण काठावर उभी राहून शिकवू लागली. बाईंना स्वतःला पोहता येते का, अशी पोरांत पैज लागली. ती चिडली नाही. तिसऱ्याच दिवशी मला घेऊन तलावात उडी मारणारी हीच बाई चिमणीसाठी पाण्याकडे पाठ करून उभी राहिली, हे मला फार लागले.

दहाव्या दिवशी चिमणीचे पापुद्रे निघू लागले. ती अशी काही कळकट दिसायला लागली की मला मनातून उकळ्या फुटल्या. मालकिणीनेही घाबरून लेकीला फोटो पाठवला. तो रंग जात नसून वरची कातडी जात आहे, असे लेकीने समजावले, आणि माझा आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही.

पण खाज खरी होती. बाराव्या दिवशी दुपारी शिकवणी संपली, पोरे गेली. मालकीण काठाच्या बाकावर टेकली आणि तिचा डोळा लागला. माझा हात आपोआप उठला आणि उजव्या हाताकडे गेला. चिमणीच्या पंखावर एक खपली एका कडेने सुटून उभी होती. नखाने ती कड पकडली.

मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. मी म्हणालो, ओढ. एकदाच ओढ. पंख तुटला की ती माझ्यासारखी होईल. मग टॅटूवाली डागडुजीला लागेल, माझ्या पानाची तारीख पुढे जाईल. नखाखाली खपली ताणली गेली आणि चिमणी थरथरली. तो थरकाप मला ओळखीचा वाटला. माझी शेंडी गेली त्या दिवशी मीही असाच थरथरलो होतो.

त्याच क्षणी मला खाज सुटली. जुने टॅटूही कधीकधी उन्हाने फुगतात, खाजतात, त्यात नवल नाही. आणि मी भर उन्हात होतो. ऊनच असेल. पण मी असा खाजलो, असा खाजलो की मालकीण दचकून जागी झाली. तिने आधी मला पाहिले, माझ्या डोक्यावरची रिकामी जागा पाहिली, आणि मग आपले नख कुठे आहे ते पाहिले. नख तिने हळूच उचलले. चिमणीवर अलगद तळवा ठेवून ती थोपटत राहिली. मला मात्र तिने खसाखसा खाजवले.

स्वतःच्या पायावर धोंडा कसा मारून घेतात, ते मी त्या दिवशी शिकलो. चार दिवसांनी ती खपली आपोआप गळाली. खाली पंख अख्खा होता.

ठरलेली तारीख आली. लेक नव्हती, म्हणून सोबतीला ताई आली. ती आता साठीकडे झुकली आहे, पण पेन पर्समध्ये असतेच. टॅटूवालीच्या दारातच तिने माझा हात धरला, शेंडी काढली आणि मग विचारले, आज इथे काय काम? मालकीण काहीतरी पुटपुटली आणि आत शिरली.

आत टॅटूवालीने चिमणी तपासली, शाबासकी दिली. मग पानाचे चित्र पुढे ठेवले, हातमोजे चढवले आणि ओल्या बोळ्याने मला पुसायला घेतले.

"हे वर पेनाचं काय आहे?" तिने विचारले. "पुसू ना?"

ताईने पानाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तिला सगळे कळले.

"मला पानाखाली घालणार होतीस?" ती म्हणाली. आवाज थट्टेचा होता, पण शेवटी जरा फाटला. सव्वीस वर्षांत या विषयावर तिचा आवाज असा झालेला मी ऐकला नव्हता.

मालकिणीने हात मागे घेतला. "पुसू नका," ती म्हणाली. "पान राहू द्या. एवढंच गोंदा. ही काढते तसंच."

"थांब मग," ताई म्हणाली. "दारात घाईत काढली, वाकडी आलीय."

टॅटूवालीने पेनाची शाई स्वच्छ पुसली आणि कातडीवर चालणारे आपले पेन तिला दिले. ताईने चष्मा लावला, श्वास रोखला आणि एकाच वळणात शेंडी काढली. गोंदायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

मित्रांनो, त्यानंतरचे तीन आठवडे काय सांगू! कोमट पाणी, मऊ कागद, पातळ मलम, आणि हे सगळे उजव्या हाताने, म्हणजे चिमणीला जवळ आणून, तिच्या डोळ्यांदेखत. तलाव पुन्हा बंद झाला, पोरांनी कपाळाला हात लावला. रोज सकाळी ताईचा फोन यायचा, नख लावू नकोस म्हणून दटावायला. खाज आली, तेव्हा मालकिणीने मला थोपटले. खपली एका सकाळी आंघोळीत आपणहून गळून पडली. खाली शेंडी होती.

म्हणून सांगतो, अंगावर कधी काही गोंदवून घेतलेत तर पहिला महिनाभर त्याचे ऐका. धुवा, टिपा, उन्हापासून आणि तलावापासून जपा, थोपटा, पण ओरबाडू नका. आणि जुन्याकडेही कधीतरी बघत जा. आम्ही बोलत नाही, पण आम्हाला सगळे दिसते.

परवा ताई घरी आली. सवयीने तिने पेन काढले, टोपण उघडले, हात धरला आणि वाकली. दुरुस्त करायला काही नव्हते. ती तशीच थांबली. आता पेन परत पर्समध्ये जाणार, असे मला वाटले. पण तिने माझ्या बाजूला, अक्षराला धक्का न लावता, बरोबरची छोटी खूण केली आणि मग चहा मागितला.

ती खूण दुसऱ्या दिवशी तलावात धुऊन गेली. चिमणीला तिने पेन टेकवलेसुद्धा नाही. मी मुद्दाम पाहिले.