ठिपकीच्या श्वासाचा सुगंध

माझ्या ताईच्या गोठ्यापुढे सकाळपासून रांग लागली होती. रांगेतल्या प्रत्येकाला एका गाईच्या तोंडाजवळ नाक न्यायचं होतं. नाक नेऊन झालं की माणूस डोळे मिटायचा, "अहाहा!" म्हणायचा आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. शिंप्याच्या तर तीन फेऱ्या झाल्या होत्या.

"हुंगा, भक्तहो, हुंगा!" सुवासी महाराज उंच पाटावरून गरजत होते. "व्यायल्यावर अकराव्या दिवशी हिने अन्न सोडलं! आता ही चारा खात नाही, वारा खाते! हा स्वर्गाचा दरवळ आहे! आणि मीसुद्धा चार दिवस हिच्यासोबत निराहार आहे!"

एवढं बोलून त्यांनी दणदणीत ढेकर दिला. "हा प्राणवायूचा," त्यांनी लगेच खुलासा केला.

ती गाय, ठिपकी, मान टाकून बसली होती. उद्या ती देह ठेवणार आणि हा गोठा महाराजांचा मठ होणार, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं होतं. ताई हात जोडून उभी होती. तीही तीन दिवस नुसत्या पाण्यावर होती. याच ठिपकीला तिने वासरू असताना बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं आणि आता तिचं मरण बघायला ती भक्तिभावाने तयार झाली होती. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. मला संताप आला की मी रांग मोडते.

मी थेट पुढे घुसून नाक लावलं. सुगंध खरा होता. पिकल्या फळासारखा गोड आणि जरा झोंबणारा. आणि चांगलाच ओळखीचा! चौदा वर्षं पार्लर चालवते मी.

"ताई, अगं हा नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा वास आहे!"

"मूढ बालिके," महाराज हसले, "देवी काय नखं रंगवते?"

मी पर्समधली बाटली काढली आणि शिंप्याच्या नाकाखाली धरली. त्याने डोळे मिटले. "अहाहा!" तो म्हणाला. मागच्या दोघी लगेच बाटलीपुढे रांग लावून उभ्या राहिल्या.

मी गुरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या अर्ध्या तासात आल्या, ठिपकीचा श्वास हुंगला आणि ताईकडे वळल्या.

"व्यायच्या आधी दहा दिवस आणि नंतर दहा दिवस पाजायला गोड औषध दिलं होतं मी. ते कुठंय?"

"ती व्यायली त्याच दिवशी महाराजांनी बंद करायला सांगितलं," ताई पुटपुटली. "पेंडही. म्हणाले, त्याने गाईचं तेज झाकोळतं."

औषधाचा कॅन महाराजांच्या पाटाखाली टेकू म्हणून लावलेला होता.

"गाय व्यायली की दूध झपाट्याने वाढतं, पण भूक मागेच राहते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग दुधाला लागणारी ताकद ती स्वतःची चरबी जाळून आणते. म्हणून तर ते औषध असतं. ते तोडलं, वर पेंडही तोडली! फार चरबी जळली की अंगात ॲसिटोन तयार होतं आणि श्वासात उतरतं. यांनी फोनवर सांगितलेल्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीत तेच असतं. हा दरवळ नाही, ही उपासमार आहे."

"पुरावा?" महाराजांनी दाढी कुरवाळली.

डॉक्टरबाईंनी बशीत पांढरी पावडर घेतली आणि त्यावर ठिपकीच्या दुधाचे दोन थेंब टाकले. पावडर जांभळी झाली.

"चमत्कार!" शिंपी ओरडला.

"गप्प बसा हो! ही उपाशी शरीराची खूण आहे. माणसातही हेच होतं. फक्त माणसाची लघवी लागते."

सगळ्यांच्या माना एकदम महाराजांकडे वळल्या.

ताई एक रिकामी बाटली घेऊन मोरीत गेली आणि आली. बशीतली नवी पावडरही जांभळी झाली. शिंप्याने तिच्या पायावर लोळण घेतली. "देवी!"

"देवी नाही हो," ताई म्हणाली, "भूक लागलीय मला."

"आम्हाला लघवी होत नाही," महाराज म्हणाले.

पण खरा भक्त तो शिंपीच! "महाराज, होऊन जाऊ द्या! यांची तोंडं एकदाची बंद करा!" असं म्हणत त्याने त्यांना अक्षरशः ढकलत मोरीत नेलं. थेंब पडले. पावडर पांढरीच्या पांढरी. डॉक्टरबाईंनी अजून थेंब टाकले. तरी पांढरीच.

"पोट छान भरलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज सकाळी नाश्त्याला काय काय होतं?"

गर्दी एवढी हसली, की महाराज कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही.

ठिपकीच्या शिरेत ग्लुकोजच्या बाटल्या चढल्या आणि पोटात गोड औषध गेलं. दुसऱ्या दिवशी तिने पेंडीत तोंड घातलं. ताई तिच्या गळ्यात पडून हुंदके देत राहिली. "चार दिवस हिच्या श्वासाला हात जोडले गं मी," ती मला म्हणाली. "ही खात का नाही, एवढं मात्र एकदाही विचारलं नाही."

चौथ्या दिवशी शेजारच्या गावाहून टेम्पो भरून माणसं आली. त्यांना हुंगायचं होतं.

"वास गेला," ताई दारातच म्हणाली. "ती आजारी होती. आता बरी आहे."

एका बाईचा चेहरा पडला. "आमच्याही गाईला कालपासून सुगंध येतोय. नवे महाराज आलेत ना, त्यांनी ओळखलं. आम्ही तिला हार घातलाय."

"खाते का ती?"

"नाही. म्हणून तर घातला."

"हार काढा," ताई म्हणाली, "आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा. नंबर मी देते."