उभं लाकूड

बल्लारपुरात गुलाम रसूल यांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. ओंडका घेताना ते आधी हातोडीनं ठोकून कान लावत. पोकळ निघाला, तर कितीही देखणा असो, लाकडाच्या डेपोतच ठेवून येत. त्यामुळे अंगणातला वाळलेला कडुनिंब तोडायला दुसऱ्याला बोलवावं, हे त्यांना पटेना. नगर परिषदेची परवानगी हातात होती. झाडं उतरवणारा बामणीचा वारलू गुरुवारी येतो म्हणाला होता. शमसुन्निसांनी नवऱ्याला परोपरीनं सांगितलं, चार दिवस थांबा. पण वारं सुटलं होतं, आणि झाड शेजारच्या सीताबाईंच्या स्वयंपाकघराच्या टिनांच्या छपराकडे कललं होतं. लाकडाचं मला कोणी शिकवायचं, म्हणत रविवारी सकाळी त्यांनी करवत काढली.

कडुनिंबाच्या खोडाला दोर बांधून त्यांनी तो अंगणातल्या चिंचेला ताणला आणि सीताबाईंकडच्या भिंतीच्या बाजूनं कापायला घेतलं. दोर ओढेल, काप उघडेल, झाड अंगणात पडेल, असं त्यांना वाटलं. पण सुतारकामात फळी आडवी असते, तिचं ओझं खालचे ठोकळे पेलतात. या झाडाचं सगळं ओझं भिंतीकडे होतं. करवत वीतभर आत गेली आणि झाड तिच्यावरच बसलं. करवत हलेना. वर कुठंतरी कर्रकन वाजलं, आणि दोर ताठ झाला.

भिंतीपलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. गॅस बंद करून बाहेर निघा, अशी रसूलभाईंनी सीताबाईंना हाक दिली. सीताबाई हात पुसत अंगणात आल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "चाचा, डाळ कच्ची राह्यली माझी. आता घर तरी राहू द्या."

शमसुन्निसांनी वारलूला फोन लावला.

अर्ध्या तासात तो गाडीवरून दोर घेऊन आला. करवतीला त्यानं हातच लावला नाही. चिंचेच्या बाजूनं उभं राहून कुऱ्हाडीच्या पाठीनं कडुनिंबाचं खोड हलकेच ठोकलं. टण. टण. मग ठप्प. तो पोकळ आवाज रसूलभाईंनी डेपोत हजारदा ऐकला होता. स्वतःच्या अंगणात मात्र एकदाही हातोडी उचलली नव्हती. त्यांची मान खाली गेली.

"भाऊ," वारलू म्हणाला, "तुमी लाकूड आडवंच पाह्यलं. उभं असलं की ते वेगळं वागते."

"मंग मले दाखव," रसूलभाई म्हणाले. "काय करू सांग."

वारलू पोकळ कडुनिंबावर चढलाच नाही. चिंचेवर चढून त्यानं कडुनिंबाची एकेक फांदी दोरात घेतली, कापली आणि खाली सोडली. चिंचेच्या बुंध्याला दोन वेढे दिलेला दोर रसूलभाईंच्या हातात होता. वारलू सांगेल तेव्हाच सोडायचा, तेवढंच. मोठी फांदी टिनांवरून हातभर अंतरानं गेली, तेव्हा त्यांचे तळहात भाजत होते. दोर मात्र सुटला नाही. वरचं ओझं उतरल्यावर खोड दोरानं अंगणाकडे ओढून वारलूनं ते आडवं केलं. बुंध्यात हात घालता येईल एवढी पोकळी होती.

चहा घेता घेता रसूलभाई उठले आणि हातोडीनं चिंचेचं खोड ठोकू लागले. वारलू कप हातात घेऊन शेजारी उभा राहिला. अजून खाली, मुळाजवळ ठोका, म्हणाला.

टण.

भिंतीपलीकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली.