झाकून ठेवलेला चॉप

मित्रांनो, मी बिडाचा तवा. माझं वय विचारू नका, वजन विचारा. मला एका हातानं उचलायला गेलं की भल्याभल्यांचं मनगट कुरकुरतं. आता मीही दमलो आहे. आयुष्यभर आगीवर बसलेल्यानं दमू नये, असं कुठे आहे? तरी तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगतो.

भट्टीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि त्यातून मी निघालो. खरखरीत, राखाडी, कुणाच्या डोळ्यांत भरू नये असा. भांड्यांच्या दुकानात मी सगळ्यांत खालच्या फळीवर होतो. गिऱ्हाइकं वरच्या चकचकीत भांड्यांपुढे थांबायची आणि जाताना मला पाय लावून जायची. अखेर एका खाटकानं मला उचललं. उलटं करून बोटानं टकटक केली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा चालेल." घरी नेऊन त्यानं मला तेल चोपडलं, तापवलं, पुसलं, पुन्हा तेल चोपडलं. असं करता करता मी काळा कुळकुळीत झालो आणि मला किंमत आली.

खाली त्याचं दुकान आणि वर बिऱ्हाड होतं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो स्वतः चॉप करायचा. चॉप म्हणजे डुकराच्या पाठीकडचा, हाडासकट कापलेला जाड तुकडा. एका कडेला चरबीची पांढरी पट्टी असते. त्या दिवशी बायकोला तो चुलीजवळ फिरकू द्यायचा नाही. ती आणि त्यांची लहान मुलगी टेबलाशी बसून वास घ्यायच्या. शेजारीण जिन्यातूनच ओरडायची, "आम्ही तुमच्याच दुकानातून नेतो, मग आमच्याकडे चपलेचा तळ का होतो हो?" तो हसून म्हणायचा, "मांस तेच आहे वहिनी, घाई तुमची आहे."

ते माझे सुखाचे दिवस होते. तेव्हा ते कळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे त्याची बायको वारली. त्याचे गुडघे गेले, दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि तो एकुलत्या एका लेकीकडे राहायला आला. येताना त्यानं कपड्यांची पेटी आणली आणि मला आणलं. लेक एकटीच राहायची. ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. दिवसभर उभं राहायचं, चादरींवर वजनदार इस्त्री दाबायची, फस्सकन वाफ निघाली की सुरकुती गेली असं समजायचं आणि पुढची चादर ओढायची. घरी यायची तेव्हा तिच्या अंगात त्राण नसायचं. मला उचलायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून तिनं हलकाफुलका नॉनस्टिक तवा आणला. मला गॅलरीच्या दाराला अडसर म्हणून लावलं. वारा आला की दार माझ्यावर आपटायचं. पावसाच्या शिंतोड्यांनी मी गंजलो. चॉपची चरबी प्यालेला मी, आता धूळ खात पडलो होतो. वाईट वाटलं. पण मित्रांनो, अडगळीतल्या वस्तूला घरातलं सगळं ऐकू येतं.

लेक वडिलांसाठी हौसेनं चॉप आणायची, पण करायची घाईत. फ्रिजमधून काढला की ओला, गारठलेला तसाच तव्यावर. वर उलथन्यानं दाबायची. फस्स झालं की तिला बरं वाटायचं, हाताला तीच सवय होती. कच्चं राहिलं तर पोट बिघडेल या भीतीनं पुन्हा उलटायची, पुन्हा दाबायची. आतला रस तव्यावर जळून जायचा आणि ताटात लाकूड यायचं. म्हाताऱ्याच्या तोंडात कवळी. तो घास चघळत राहायचा, लेक पाणी आणायला उठली की हळूच रुमालात टाकायचा आणि रुमाल खिशात. वर म्हणायचा, "छान झालंय हं."

मग एक दिवस लेकीनं जेवणाची पद्धतच बदलली. वडिलांना कुस्करलेला बटाटा आणि पातळ सूप, तेही लवकर, त्यांच्या खोलीत. कारण तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. हळूहळू त्यानं कवळी लावायचंच सोडलं. ती डबीत पडून असायची. ज्यानं सगळ्या गल्लीला खाऊ घातलं, तो एकटा पलंगावर बसून बटाटा गिळायचा. सदरा त्याच्या अंगावर लोंबायला लागला. मला तो दारातून दिसायचा आणि माझा जीव तुटायचा.

असंच एका संध्याकाळी लेक स्वतःपुरता चॉप करत होती. फस्स आवाज आला, तसा म्हातारा काठी टेकत बाहेर आला.

"अगं, दाबू नकोस त्याला!"

लेकीनं उलथनं ओट्यावर आपटलं. "मग तुम्हीच करा बाबा! दिवसभर मी उभी. पाय सुजलेत माझे. एवढं करून घालायचं, आणि तुम्ही ते रुमालात गुंडाळायचं!"

म्हाताऱ्याचा हात खिशाकडे गेला. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला कळणार नाही."

"तुमचे कपडे कोण धुतं बाबा?"

तव्यावरचा चॉप करपला. तिनं गॅस बंद केला आणि डोळे पुसले.

"आणखी आहे का एखादा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आहे एक. उद्याचा."

"मग उद्या मी सांगतो तसं कर. एवढं एकदा. नाही जमलं तर आयुष्यभर बटाटा खाईन, हूं की चूं करणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दारातून ओढून घेतलं. मांडीवर ठेवून जाडं मीठ आणि तेल लावून घासत बसला. गंज निघाला. दुपारी त्यानं चॉप हलक्या मिठाच्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवला. पाण्यात चिमूटभर साखरही टाकली. लेक यायच्या जरा आधी बाहेर काढून, फडक्यानं टिपून अगदी कोरडा केला. चरबीच्या पट्टीला सुरीनं दोन-तीन चिरा दिल्या, म्हणजे तो तापल्यावर आक्रसून वाकडा होत नाही. मग खुर्ची ओढून चुलीशेजारी बसला.

लेक आली. त्याच्या सांगण्यावरून तिनं मला चांगलं तापू दिलं, थोडं तेल सोडलं. चॉप आधी चरबीच्या कडेवर उभा धरला. चरबी सुटायला लागली आणि इतक्या दिवसांनी माझ्या अंगावर तो वास आला. मग तो आडवा टाकला. लगेच तिचा हात उलथन्याकडे गेला.

"ते मला दे," म्हातारा म्हणाला. त्यानं उलथनं काढून घेतलं आणि तिच्या हातात चिमटा दिला. "यानं दाबता येत नाही."

ती हसली. फार दिवसांनी हसली. खालची बाजू तांबूस झाल्यावर तिनं तो एकदाच उलटला, आच कमी केली, लोण्याचा गोळा आणि ठेचलेला लसूण टाकला. शेवटी हाडाजवळ सुरीचं टोक घातलं. लालसर नाही, स्वच्छ पाणी आलं.

"काढ आता. ताटलीत ठेव आणि वर दुसरी ताटली झाक."

"मग?"

"मग काही नाही. रस आत मुरू दे. बस."

"तोवर ओटा आवरते."

"बस म्हटलं ना!"

ती बसली. सकाळपासून पहिल्यांदा बसली असेल. टेबलावर हात ठेवले, हातांवर डोकं ठेवलं आणि तिचा डोळा लागला. म्हाताऱ्यानं तिला उठवलं नाही. हळूच खोलीत गेला, डबी उघडली, कवळी लावली आणि परत येऊन तिच्या समोर बसला. चॉप निवत होता. तो वाट बघत राहिला.

ती दचकून जागी झाली. "अगं बाई! गार झाला की हो."

"कोमट आहे. वाढ."

दोघांनी अर्धा अर्धा घेतला. म्हाताऱ्यानं घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग दुसरा घेतला. लेक ताटाकडे बघतच नव्हती, त्याच्या खिशाकडे बघत होती. त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं रुमाल काढला, तिच्यासमोर टेबलावर उलगडून पसरला आणि हाडाला चिकटलेलं मांस दातांनी ओढायला लागला.

रुमाल शेवटपर्यंत कोराच राहिला.

मित्रांनो, आता तो म्हातारा नाही. लेकीचेही केस पांढरे झालेत. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी अजून चुलीवर चढतो, बाकी दिवस खिळ्याला टांगून असतो. बोलायचाही कंटाळा येतो हल्ली, म्हणून थोडक्यात मागतो. आम्हा बिडाच्या भांड्यांना पाण्यात भिजत टाकू नका. गरम असतानाच पुसा, तेलाचं बोट फिरवा, एवढं पुरे. आणि घरात कुणी दिवसभर उभं राहून आल्यावर तुमच्यासाठी रांधत असेल, तर चॉप झाकून ठेवल्यावर त्या माणसाला आधी खुर्ची द्या. जेवण थोडं निवलं तरी चालेल.