वाजवून घेतलेलं घर

मामांना घर दाखवायला नेणं म्हणजे दुधात मिठाचा खडा आपल्याच हाताने टाकणं, हे भाचीला पुरतं ठाऊक होतं. पण तिचा नवरा मामांनी मान डोलावल्याशिवाय साधी चप्पलसुद्धा घेत नसे. आजवर पाहिलेलं प्रत्येक घर मामांनी नापास केलं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. आता भाचीला सातवा महिना लागला होता. भाड्याच्या त्या एका खोलीत पाळणा टांगायचा तर आधी नवऱ्याला बाहेर टांगावं लागलं असतं.

हे घर नवं कोरं, दुमजली. मामांनी खिशातून नाणं काढलं आणि एकेक फरशी वाजवायला घेतली. खाली माल नीट भरलेला नसला की फरशी पोकळ वाजते. इथे आवाज भरीव येत होता आणि तसतसा मामांचा चेहरा पडत होता. दारं चौकटीत अलगद बसत होती, भिंतींना ओल नव्हती.

"काहीच सापडत नाही म्हणजे नक्की काहीतरी दडवलंय," मामा म्हणाले.

वरच्या बाथरूममध्ये त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात जाऊन बसलं. मामा असे खुलले, जणू हरवलेलं पोर सापडलं.

"चला जावईबापू. ज्याला पाण्याला वाट दाखवता येत नाही, तो भिंती काय उभ्या करणार?"

जावईबापू निघालेसुद्धा. भाची मात्र कमरेवर हात ठेवून तिथेच.

"दादा, हे नीट होईल का?" तिने घर दाखवायला आलेल्या बिल्डरला विचारलं.

"चूक आमचीच आहे, ताई. फरशी उखडतो, उतार नव्याने काढतो. मग चार दिवस पाणी कोंडून ठेवतो. खाली स्वयंपाकघराच्या छताला ओल आली तर घर घेऊ नका."

"असं सगळेच म्हणतात," मामा म्हणाले.

"मामा, खोट नसलेलं घर शोधत बसलो तर पोर शाळेत जायला लागेल. मामीला तरी तू वाजवून घेतलं होतंस का?"

"हे कसले वाजवतायत," जिन्यात टेकलेली मामी म्हणाली. "मीच ह्यांना वाजवून बघितलं. पोकळ वाजले. अजून भरतेय."

बिल्डर घाईने खिडकीबाहेर पाहू लागला.

काम झाल्याचा निरोप आला तशी सगळी पुन्हा गेली. बाथरूममध्ये घोटाभर पाणी कोंडलेलं होतं. खाली मामा स्टुलावर चढून छतावरून तळहात फिरवत होते, टॉर्च मारून बघत होते, पुन्हा तळहात. वर बिल्डरने जाळीतला बोळा काढला, तसं पाणी सरळ वाटेने निघून गेलं. ते पाहून भाचीने जिन्यातून हाक मारली, "मामा, छत काय म्हणतंय?"

मामांनी छतावर आणखी एकदा टॉर्च मारला. नवरा भाचीच्या मागेच उभा.

"अजून तरी कोरडं आहे," मामा कुरकुरले.

त्यांच्या तोंडून याहून मोठा आशीर्वाद आजवर कुणाला मिळाला नव्हता. भाचीने नवऱ्याचा दंड धरला. "ऐकलंस ना? चल सही करायला. त्यांना दुसरं काही सुचायच्या आत."